परीक्षा नसते का गं?

शिट्टी वाजली, आकाशी जर्सीतल्या पोरी एकमेकींवर कोसळल्या, आणि आई म्हणाली, "यांची परीक्षा नसते का गं आत्ता?"

डिसेंबर २०२४. इथे अमेरिकेतल्या केरी शहरात कॉलेज कपची, म्हणजे मुलींच्या कॉलेज फुटबॉलच्या (सॉकर) राष्ट्रीय स्पर्धेची, फायनल. नॉर्थ कॅरोलायनाने वेक फॉरेस्टला १-० हरवलं. स्पर्धा १९८२ पासूनची, त्यांचं हे २२वं एनसीएए (अमेरिकेतली कॉलेज खेळांची संघटना) विजेतेपद. तोवर निम्म्याहून जास्त वेळा कप यांच्याच घरी!

"असते की. डिसेंबरातच असते."

आई गप्प. मग गाडीत, हीटरसमोर हात धरून, सहज बोलावं तसं, "मी सूर मारून गडी बाद करायचे. खो-खोत. दहावीला नाना म्हणाले, आता पुरे."

चाळीस वर्षांत हे मला माहीतच नव्हतं.

"मार्क किती पडले मग दहावीला?"

"आठवत नाही."