तुम्ही विचारलेत म्हणून: माळ्यावरचा रेडिओ लावून पाहावा का?

इंदुरात रामबागेतले किंवा राजेंद्रनगरातले एखादे जुने मराठी घर आवरायला निघाले, की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो: "माळ्यावर आजोबांच्या वेळचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ सापडला आहे, त्यातच तबकड्या वाजवायची सोयही आहे, एकदा प्लग लावून पाहू का?" माझे उत्तर नेहमी हेच असते, की कृपा करून लावू नका. वर्षानुवर्षे बंद पडून राहिलेला संच बहुतेक वेळा दुरुस्त होण्याजोगा असतो. तो कायमचा निकामी होण्याची खरी भीती असते ती उत्साहाच्या भरात प्लग लावला जातो त्या पहिल्या काही मिनिटांत.

विचारणाऱ्यांना काळजी असते ती व्हॉल्व्हची. वास्तविक संचातला चिवट भाग तोच. इंदूरचे आकाशवाणी केंद्र १९५५ साली सुरू झाले, १९५७ साली विविधभारती आली, आणि माझ्याकडे येणारे बरेचसे संच त्याच सुमाराचे असतात. त्यांतले ईसीएच ८१, ईएफ ८९, ईएल ८४ हे व्हॉल्व्ह आजही अनेकदा चांगले निघतात. निकामी झालेले असतात ते कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग. विजेच्या पुरवठ्यातील मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. विद्युतरोधकाचे काम तो करतो आणि विजेचा दाब (व्होल्टेज) नियमित मिळत राहिला तरच तो शाबूत राहतो. दीर्घकाळ पडून राहिलेल्या कंडेन्सरमध्ये हा थर क्षीण होतो, आणि अशा वेळी त्यावर एकदम अडीचशे-तीनशे व्होल्टचा दाब आला, की त्यातून प्रवाह झिरपू लागतो, तो तापतो, शॉर्ट होतो आणि जाताना रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचा डीसी करणारा) आणि मेन ट्रान्सफॉर्मर यांनाही सोबत घेऊन जातो. नवा बसवताना मूळ क्षमताच (मायक्रोफॅरडचा आकडा) पाळावी. जागी ५० मायक्रोफॅरडचा असेल, तर २२०चा हाताशी आहे म्हणून तो लावू नये, कारण तो भरताना रेक्टिफायरला पेलवणार नाही इतका प्रवाह खेचला जातो.

याहून घातकी असतो तो एक लहानसा, मेणात बुडवलेला कागदी कंडेन्सर. चॅसिस (संचाचा लोखंडी सांगाडा) उलटी केली की ईएल ८४च्या, म्हणजे स्पीकरला आवाज पुरवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या, सॉकेटजवळ तो दिसतो. मेण ओघळून खालच्या रेझिस्टन्सवर थिजलेले असते आणि त्यावर धुळीचा काळा थर बसलेला असतो. आधीच्या व्हॉल्व्हवरचा आवाज शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत (प्रवाह आवरणाऱ्या आतल्या जाळीपर्यंत) जाऊ द्यायचा आणि तिथला डीसी दाब मात्र अडवायचा, एवढेच त्याचे काम. कागदाने ओल धरली, की नेमका हा अडसर सैल पडतो. मग ग्रिडवर, म्हणजे ईएल ८४च्या दोन नंबरच्या पिनवर, जिथे मीटरने शून्य दाखवायला हवे, तिथे काही व्होल्ट धन दाब दिसू लागतो, व्हॉल्व्ह झेपेल त्याहून अधिक प्रवाह ओढतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची (स्पीकरला जोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) तार जळते. दुर्दैव असे, की या काळात रेडिओ वाजत असतो. "छान चालला होता हो, अर्ध्या तासाने बंद पडला," असे कोणी सांगितले, की मला बहुधा पहिला संशय याच भागाचा येतो. जेल रोडच्या बाजारातून ६३० व्होल्टचा एक पॉलिएस्टर कंडेन्सर आणून लावला असता, तर ते टळले असते.

हे भाग बदलल्यावरही पहिली वीज सिरीज बोर्डातूनच द्यावी, म्हणजे संचाच्या वाटेत साठ ते शंभर वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब असावा. आरंभी बल्ब उजळून मग मंदावला तर ठीक. पूर्ण तेजाने जळत राहिला तर ताबडतोब बंद करावे. एक इशारा मात्र मी प्रत्येकाला बजावून देतो: व्हॉल्व्हची नावे 'यू'ने सुरू होत असतील, यूसीएच ८१, यूएल ८४ अशी, तर तो एसी-डीसी, म्हणजे दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारा संच आहे. त्यात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, चॅसिस थेट लाइनच्या एका तारेला जोडलेली असते, आणि प्लग उलटा बसला तर संपूर्ण लोखंडी सांगाडा २३० व्होल्टवर येतो. असा संच जाणकाराशिवाय उघडूच नये.

तबकड्यांच्या यंत्राचे दुखणे वेगळे. मोटर आणि फिरती थाळी यांच्यामध्ये रबराचे एक लहान चाक असते. ते कडक होते, किंवा एकाच जागी दाबून राहिल्याने चपटे होते, आणि मग प्रत्येक फेऱ्यात धप्प-धप्प असा आवाज येतो. मोटरच्या बेअरिंगना हलके तेल द्यावे, परंतु त्याचा थेंबही त्या रबराला लागू देऊ नये. जुन्या क्रिस्टल पिकअपमधला (तबकडीवरून आवाज उचलणाऱ्या भागातला) क्षार ओल शोषून मृत झालेला असतो, म्हणून त्याजागी सिरॅमिक पिकअप बसवावे लागते. ७८च्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेपेक्षा सुमारे तिपटीने रुंद असते; त्यामुळे दोन बाजूंच्या पिनची ७८ची बाजू पालटून एलपीची न करता अमीर खाँसाहेबांची एलपी लावली, तर ती कायमची खराब होते. आणि ७८ची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये. ती लाखेची असते, आणि रेडिओच्या पेटीला पॉलिश करण्यासाठी आपण चपडा लाख ज्यात विरघळवतो, ते हेच स्पिरिट.

अलीकडे काही जण विचारतात, की आतले सगळे काढून ब्लूटूथ बसवून द्याल का. तसे मी करत नाही. ट्रान्सफॉर्मर असलेल्या बहुतेक संचांना पाठीमागे पिकअपचे सॉकेट असते. योग्य वायर करून मोबाइल तिथे जोडता येतो आणि आतल्या एकाही भागाला हात लावावा लागत नाही. एसी-डीसी संचाला मात्र मोबाइल जोडू नये.

एवढे सगळे होऊनही मीडियम वेव्हवर नुसती खरखर आली, तर लगेच रेडिओला दोष देऊ नये. घरातले एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर एकेक करून बंद करून पाहावेत. त्यांचा उपद्रव या पट्ट्यात फार असतो. गच्चीवर विजेच्या तारांपासून दूर आठ-दहा मीटर तार ताणून एरियलच्या सॉकेटला जोडावी, आणि ट्रान्सफॉर्मरचा संच असेल तर अर्थिंगही (जमिनीची तार) द्यावे. केंद्र तरीही लागले नाही, तर आयएफटी (केंद्राचा सिग्नल निवडणारी आतली लहान ट्रान्सफॉर्मर-गुंडाळी) जुळवायचे राहिले असतील. परंतु त्यांचे स्क्रू अंदाजाने फिरवू नयेत, सिग्नल जनरेटर असलेल्या माणसाकडेच संच न्यावा.