एकसष्टावा दिवस

वकील म्हणून तुरुंगभेटीला गेले की मी प्रत्येक कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही त्याला, आधी एकच गोष्ट विचारते: कोर्टापुढे पहिल्यांदा कधी उभं केलं? गुन्हा काय, खरं काय, खोटं काय, हे सगळं नंतर.

3 एप्रिल 2025, गुरुवार. समोर बीडकडचा एक ऊसतोड कामगार बसला होता, पस्तिशीच्या आतबाहेरचा. विहिरीवरची पाण्याची मोटर आणि केबल चोरल्याचा आरोप. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, टोळी गावाकडे परतली, बायकोही पोरांना घेऊन तिच्याबरोबर गेली. हा मागे राहिला, बराकीत. वकील नाही, भेटायला कुणी नाही.

"रिमांडला कोर्टानं विचारलं नाही का, वकील हवा का म्हणून?"

"इचारलं असंल ताई. मी नुसती मान हलवली."

अजमल कसाबच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली स्पष्ट सांगितलं होतं, की आरोपी पहिल्यांदा समोर आला की वकील मिळणं हा तुझा हक्क आहे, ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने मिळेल, हे त्याला सांगणं न्यायदंडाधिकाऱ्यांचं कर्तव्यच आहे. कसाबला लागू असलेला नियम मोटरचोरीच्या आरोपीला नुसत्या मान हलवण्यावर मिळावा, याचा मला संताप येतो.

त्याच्या वॉरंटवर पहिल्या रिमांडची, म्हणजे कोर्टाने कोठडीत पाठवल्याची, तारीख होती 3 फेब्रुवारी. मी तिथेच मोजलं. फेब्रुवारीचे 26, मार्चचे 31, एप्रिलचे 3. साठ. म्हणजे आज साठावा दिवस. चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 303(2) खाली जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा. अशा गुन्ह्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 187(3) पोलिसांना तपासाला साठ दिवस देतं. तेवढ्यात चार्जशीट (आरोपपत्र) आली नाही, तर जामीन द्यायला तयार असलेल्या आरोपीला सोडावंच लागतं. पुरावा किती भक्कम, आरोपी कुठला, हे प्रश्नच तिथे येत नाहीत. पण अडचण अशी, की हा हक्क मागावा लागतो. मागण्याआधी चार्जशीट दाखल झाली की तो गेला. म्हणजे ज्याला वकील नाही, त्याच्यासाठी तो कागदावरच राहतो. मुदत उद्या उलटणार होती. कामगाराची सही घेतली आणि निघाले.

शुक्रवारी कोर्ट उघडताच अर्ज दिला. इनवर्डच्या क्लार्कने शिक्का मारून पोच पुढे सरकवली. मी म्हटलं, "भाऊसाहेब, वेळ टाका." "वेळ कशाला, मॅडम? तारीख आहे की." मी हलले नाही. शेवटी त्यांनी शिक्क्याखाली पेनने 11.10 लिहिलं आणि सही केली. अर्जावर आदेश झाला: सरकारी पक्षाने म्हणणे द्यावे.

'से', म्हणजे ते लेखी म्हणणे, काही येईना. जेवणाच्या सुट्टीनंतर, तीनच्या सुमारास, पोलीस ठाण्याचा हवालदार लाल फितीत बांधलेली चार्जशीट घेऊन घाईघाईने आत आला. मागोमाग सरकारी वकिलांचा 'से' आला. त्यात दोन मुद्दे होते. चार्जशीट दाखल झाली, सबब अर्ज निकाली काढावा. आणि पहिला दिवस मोजायचा नसतो, त्यामुळे आज साठावाच दिवस आहे.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच प्रकरणात आहे: उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 2001. मुदत संपल्यावर आरोपीने अर्ज देऊन जामिनाची तयारी दाखवली, की त्याने हक्क बजावला. निकाल यायच्या आत चार्जशीट आली म्हणून तो हिरावता येत नाही. म्हणून तर ते 11.10 लाखमोलाचं होतं.

दुसरा मुद्दा जास्त अवघड. पहिला दिवस धरायचा की सोडायचा, यावर सर्वोच्च न्यायालयाचेच निकाल अनेक वर्षं दोन्ही बाजूंचे होते. कपिल वाधवान यांच्या प्रकरणात 27 मार्च 2023 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो मिटवला: रिमांड दिला तो दिवस धरायचा. तो निकाल जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 167 वरचा, ज्याच्या जागी आता हे 187 आलं. सरकारी वकिलांनी तेच धरलं, की नवा कायदा आला, जुना निकाल कशाला? मी दोन्ही कलमं शेजारी ठेवून वाचून दाखवली. मुदतीची भाषा बदललेली नाही. न्यायाधीश महोदयांनी टेबलावरचं कॅलेंडर उचललं, पेनाचं टोक एकेका चौकटीवर ठेवत स्वतः मोजलं आणि म्हणाले, "एकसष्टावा." अर्ज मंजूर.

आदेश मात्र 25 हजारांच्या स्थानिक जामीनदारावर. या तालुक्यात त्याच्यासाठी कोण सातबारा घेऊन उभा राहणार? मी तिथल्या तिथे मोतीराम प्रकरण पुढे केलं. 1978 साली मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि त्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याला हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगितलं. इथे तसंच नाही, पण जवळपास झालं: जातमुचलका (जामीनदाराशिवाय स्वतःचं हमीपत्र) आणि गावच्या पोलीस ठाण्यात महिन्यातून एकदा हजेरी.

आदेश कारागृहात पोचेस्तोवर कैद्यांना बराकीत बंद केलं होतं, म्हणून सुटका शनिवारी सकाळी झाली. फाटकाबाहेर त्याने विचारलं, "म्हंजी केस मिटली का, ताई?"

"नाही. चोरी तुम्ही केली की नाही, ते अजून ठरायचंय. प्रत्येक तारखेला यायचं. एक चुकवली तरी वॉरंट निघेल."

पुढच्या तारखेला तो आला, रात्रभर एसटीने. चार्जशीटची मोफत प्रत आरोपीला मिळालीच पाहिजे. ती मी मागून घेतली आणि मागच्या बाकावर बसून त्याला वाचून दाखवली. पंचनाम्यात मोटर जिथे सापडली असं लिहिलंय, ती जागा त्याच्या खोपीपासून बरीच लांब आहे. माझी उलटतपासणी तिथूनच सुरू होईल.