पिस्तूल घेतलं, पण मॅगझीन कधी तपासलं का?

नागपुरात दोन लायसन्सवाले भेटले की गप्पा हमखास एकाच गोष्टीवर येतात, कानपूरच्या कारखान्याचं घ्यावं का इशापूरच्या, नाहीतर रिव्हॉल्व्हरच बरं. मॅगझीनचं, म्हणजे काडतुसं भरून पिस्तुलाच्या मुठीत सरकवायच्या डब्याचं, नाव मात्र कोणी काढत नाही बाप्पा. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल अडकलं की मी पहिला संशय मॅगझीनवर घेतो, पिस्तुलावर नंतर. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाऊन पुढे येते तेवढ्या क्षणात पुढचा राउंड, म्हणजे काडतूस, बरोबर उंचीवर आणि बरोबर कोनात उभा पाहिजे, अन् हे काम करते कोण, तर एक पत्र्याचा डबा, एक स्प्रिंग, तिच्यावरचा फॉलोअर, म्हणजे राउंड वर ढकलणारी पट्टी, आणि वर आत वाकवलेल्या दोन कडा, ज्याला लिप्स म्हणतात. डबा एकदा फरशीवर उलटा पडला, एक लिप जराशी वाकली, की राउंड वाकडा वर येते आणि चेंबरच्या, म्हणजे नळीत राउंड बसते त्या जागेच्या, तोंडाशी अडते.

आपल्याकडे 9 एमएम सामान्य माणसाला मिळत नाही, प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे मनाई असलेल्या मापाचं, म्हणून घरोघरची पिस्तुलं बहुतेक .32 बोअरची. आणि त्यातल्या .32 एसीपी काडतुसाची स्वतःची एक खोड आहे जी विकत घेताना कोणी सांगत नाही. जॉन ब्राउनिंगचं हे काडतूस 1899 च्या सुमाराचं, सेमी-रिम्ड. केस, म्हणजे काडतुसाचं नळकांडं, बुडाशी 8.6 मिलिमीटर आणि रिम, म्हणजे बुडाची कड, 9.1, म्हणजे रिम थोडीशी बाहेर निघालेली, नख फिरवलं तर लागते. आता मॅगझीनमध्ये वरच्या राउंडची रिम खालच्याच्या रिमच्या मागे जाऊन बसली तर स्लाइड कितीही ढकला, वरचा राउंड पुढे सरकतच नाही, खालच्याला अडकून राहते. हाच रिमलॉक. अशा वेळी मॅगझीनच्या बुडावर थाप मारून स्लाइड ओढायची जी सवय सगळ्यांना शिकवतात ना, ती इथे कामाची नाही, मॅगझीन काढून दुसरं लावावं लागते. म्हणून दुसरं मॅगझीन जवळ पाहिजेच, चैन म्हणून नाही.

भरतानाच काळजी घेतली तर हे बरंचसं टळते. प्रत्येक राउंडची रिम खालच्याच्या पुढे राहील असा सरकवायचा, घाईत नुसते दाबत जायचं नाही. आणि आखूड, बोथट टोकाचे राउंड घातले तर आत पुढेमागे हलायला जागा मिळते आणि धोका वाढते, गोल टोकाचे पूर्ण लांबीचेच बरे.

स्प्रिंगबद्दल लोक मला नेहमी विचारून राहिले असतात की भरून ठेवलं तर बसते का. चांगल्या स्टीलची स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने फारशी थकत नाही, तिला थकवते ते सारखं दाबणं-सोडणं. म्हणजे रोज रात्री भरणारा अन् सकाळी काढणारा माणूसच तिची वाट लावून राहिला आहे. वरून तोच राउंड पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये ढकलला तर बुलेट, म्हणजे टोकाची गोळी, केसमध्ये आत सरकू शकते, मंग प्रेशर वाढते, ते आणखी वाईट.

वर्धमाननगरच्या एका मित्राचं मॅगझीन त्याच्यासमोर खोललं, राउंड आधी बाहेर काढून. खालची प्लेट सरकवली तर आत काय, मशीन ऑइल, त्यात मे महिन्याची धूळ, खिशातला कापसाचा धागा, सगळं मिळून काळं चिकट लुकण झालेलं आणि फॉलोअर अर्ध्यावर येऊन थांबून राहिलेला. तेल टाकलं की चांगलं चालते हा आपल्याकडचा पक्का समज आहे, पण मॅगझीनच्या आत तेल नकोच, ते धूळ धरते आणि प्राइमरपर्यंत, म्हणजे राउंडच्या बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीपर्यंत, गेलं तर राउंडच खराब. कोरड्या कपड्याने पुसायचं, पावसाळ्यात गंज दिसला तर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून पुन्हा पुसून काढायचं. बस.

आणि चालवून पाहा. राउंड महाग आहेत, लायसन्सवर कोटा बांधलेला, त्यामुळे लोक चार-पाच वाजवतात आणि पिस्तूल कपाटात टाकतात, हे मला खरंच बघवत नाही, कारण घरच्यांचा जीव त्याच्या भरवशावर ठेवलेला असते. रेंजवर प्रत्येक मॅगझीन पूर्ण भरून, घरी ठेवता त्याच राउंडने रिकामं करा. मॅगझीनवर पेंटने 1, 2 लिहून ठेवा म्हणजे कोणतं अडलं ते कळते. तेच पुन्हा अडलं तर ते फक्त सरावाचं, भरवशाचं नाही. बाजारातली नकली स्वस्त मॅगझीनं तर घेऊच नका भाऊ, लिप्सचा कोन डोळ्यांना दिसत नाही.

निवडणुकीत पोलिसांकडे हत्यार जमा करायला लावलं तर पावतीवर मॅगझीन किती दिली तेही लिहून घ्या, आणि परत आणल्यावर प्लेट उघडून आत पाहिल्याशिवाय भरू नका.