रॅम्प सक्तीचा, शेत मर्जीचं

न्यू जर्सीत एडिसन, प्लेन्सबोरो, वेस्ट विंडसर या पट्ट्यात आपली मंडळी एवढी आहेत की गणपतीत हॉल मिळायची मारामार, पण टाउनशिपच्या, म्हणजे गावचा कारभार बघणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, मीटिंगला मात्र आपल्यातलं कुणी फारसं दिसत नाही. मला हे मनापासून खटकतं. प्रॉपर्टी टॅक्स आपण सगळेच भरतो ना, मग तो जातो कुठे हे कळायला नको? त्यातल्या दोन गोष्टींवर आज लिहितेय, एक म्हणजे व्हीलचेअरवरच्या माणसाला गावात नीट फिरता येणं आणि दुसरी म्हणजे उरलीसुरली शेतजमीन टिकवणं.

माझी आई सध्या आमच्याकडेच असते, गुडघे पार गेलेत त्यामुळे बाहेर पडायचं म्हटलं की व्हीलचेअर, आणि तेव्हापासून मी फुटपाथ बघायला लागले. कोपऱ्यावर फुटपाथ रस्त्याला उतरतो तिथे एक दाणेदार पट्टी असते बघा, ती पांढऱ्या काठीला आणि बुटाच्या तळव्याला लगेच कळते, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला समजतं की इथून पुढे गाड्या. रॅम्पच्या उताराचंही माप ठरलेलं आहे, एक इंच उंचीला कमीत कमी बारा इंच लांबी. यापेक्षा खडा झाला की ढकलणाऱ्याच्या मनगटांना कळतं आणि उतरताना बसलेला माणूस पुढे झुकून हात घट्ट धरतो, आई तर डोळेच मिटते.

हे सगळं 1990 च्या अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अॅक्टमुळे, म्हणजे अपंगांच्या हक्कांच्या कायद्यामुळे, आणि तो गावाला आणि काउंटीलाही (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) लागू आहे. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर या कायद्यासाठी एक जबाबदार माणूस नेमावा लागतो आणि तक्रार घ्यायची पद्धतही ठेवावी लागते. बाजूच्या फिलाडेल्फियाची केस तर वाचण्यासारखी आहे. शहर रस्त्यांवर नवं डांबर टाकत होतं पण कोपऱ्याचे उतार करत नव्हतं, अपंगांच्या संघटनेने कोर्टात खेचलं आणि 1993 मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की रस्ता नव्याने केला तर उतारही करायचे. त्यामुळे तुमच्या गल्लीत डांबराचं काम निघालं आणि कोपरा तसाच राहिला तर सरळ विचारा, तो हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

शेतीचं गणित उलटं आहे, तिथे सक्ती अजिबात नाही. 1983 च्या कायद्यापासून इथे शेतकरी आपल्या जमिनीचे फक्त डेव्हलपमेंटचे हक्क राज्याला किंवा काउंटीला विकू शकतो. बिल्डर काय भाव देईल आणि निव्वळ शेती म्हणून काय भाव येईल, साधारण यातला फरक त्याला मिळतो. जमीन त्याच्याच नावावर राहते, तो विकूही शकतो, पण पुढचा मालकही तिथे टाउनहाऊस बांधू शकत नाही, कायमचं. एवढं करायचं नसेल तर आठ वर्षांची योजना आहे, त्यात हातात पैसे मिळत नाहीत पण माती-पाण्याच्या कामाला अनुदान मिळू शकतं. सही करायची की नाही हे शेतकऱ्याचं. आणि हो, जमीन प्रिझर्व्ह झाली म्हणजे आपल्याला आत फिरायला परवानगी मिळाली असं नाही हं, ते खासगी शेतच असतं. पण त्याच शेतकऱ्याने मक्याचं-टोमॅटोचं दुकान थाटलं की गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी अपंगांचा कायदा तिथेही लागतो. आमच्या जवळच्या फार्मवर पार्किंगपासून काउंटरपर्यंत घट्ट दाबलेली बारीक खडी आहे, चाक रुतत नाही, आई स्वतः कणसं सोलून दाणे बघून निवडते.

मला ही विभागणी अगदी पटते. माणसाचं घराबाहेर पडणं कुणाच्या मर्जीवर ठेवू नये, आणि कुणाच्या वडिलोपार्जित जमिनीचा निर्णय त्याला न विचारता घेऊ नये. आपल्याकडे महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा नियम आहे, दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदाही चांगला आहे, पण कित्येक ठिकाणी निधी मिळवायलाच खेटे घालावे लागतात. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टालाही सांगावं लागलं की सुलभतेचे नियम नुसत्या शिफारशी ठेवून चालणार नाही. आणि जमिनीचं काय, पुण्याजवळ मुळशीच्या बाजूला जा, भाताच्या खाचरांच्या जागी प्लॉटिंगचे बोर्ड. ज्याला शेती टिकवायचीय त्याला त्या भावाच्या फरकाचा एक रुपयाही द्यायला कुणी पुढे येत नाही, मग तो किती दिवस तग धरणार?

तेव्हा इथल्या मंडळींना एवढंच सांगणं. काउंटीचा ओपन स्पेस टॅक्स, ज्यातून शेतं राखायला पैसा जातो, तो मतदारांना विचारून लावलेला असतो, आणि वाढवायचा असला की तो प्रश्न नोव्हेंबरच्या निवडणुकीत बॅलटवर, म्हणजे मतपत्रिकेवर, येतो. उमेदवारांची नावं झाली की बरेच जण तिथेच थांबतात. थांबू नका, खालचा प्रश्न वाचा आणि त्यावरही मत द्या. ज्यांना मताचा हक्क नाही त्यांनी टाउनशिपच्या मीटिंगला यावं, बोलायला तीन-चार मिनिटं मिळतात, आणि घरात कुणी व्हीलचेअरवर असेल तर त्यांनाही घेऊन या.