लचक हँडलमध्ये नव्हती

क्रूझर मोटरसायकल म्हणजे नुसता थाट, खाली इंजिनिअरिंग काही नाही, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. बसायला खाली, दिसायला लांब, वळणात जड, एवढ्यावर निकाल लावून मोकळे होतात. माझं गॅरेज साताऱ्यात, पुणे-कोल्हापूर हायवेपासून हाकेच्या अंतरावर. लांबच्या प्रवासाला निघालेल्या गाड्या माझ्याकडे नेहमीच्याच. त्यांतली ही एक केस मुद्दाम लिहितोय, कारण त्या दिवशी या गाड्यांच्या ठेवणीमागचं गणित मला साध्या काट्यावर मोजून दाखवता आलं.

सकाळी दुकान उघडून थोडा वेळ झाला असेल, तेवढ्यात रॉयल एनफील्डची सुपर मिटीऑर ६५० दारात येऊन थांबली. टूरर, म्हणजे पुढे उंच काच, रुंद सीट आणि मागे बॅकरेस्ट असलेली. पुण्याचे एक निवृत्त काका आणि काकू, निघालेले कन्याकुमारीला. हेल्मेट काढता काढता काका म्हणाले, "कोनसेट गेलाय. सुरूर फाट्यापासून गाडी हलतेय. बदलून द्या, दुपारपर्यंत कोल्हापूर गाठायचंय."

कोनसेट म्हणजे स्टिअरिंगच्या खांबातले बेअरिंग. गाडी हलली की पहिला संशय त्याच्यावरच जातो आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. म्हणून इंजिनखाली जॅक लावून पुढचं चाक उचललं. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, खालून दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढून पाहिला, खटका नाही. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेलं. मधोमध कुठं अडकत नाही, आपल्या वजनानं पडतंय. एक्सलचे, म्हणजे चाकांच्या आसांचे, नट घट्ट, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला हालचाल नाही, दोन्ही चाकांत हवा बरोबर. चांगला कोनसेट बदलून पैसे घेणं मला जमत नाही. मी काकांना विचारलं, "हँडल हातात थरथरतं का?"

ते विचारात पडले. काकू पाण्याची बाटली बाजूला ठेवून पुढे आल्या. "हँडलचं यांना काय विचारता? मला विचारा. आधी मागे कळतं. कमरेतून कोणीतरी डावीकडे ओढतंय, उजवीकडे ओढतंय असं. मी यांचा खांदा दाबते, मग कुठं यांच्या लक्षात येतं."

"अगं, तो वारा असतो," काका म्हणाले.

"वारा पाठीत लागतो का, अहो?"

माझ्या दृष्टीनं निदान तिथंच अर्धं झालं. मोटरसायकल सरळ रस्त्यावर हलते ती मुख्यतः दोन तऱ्हांनी. एकीत फक्त पुढचं चाक आणि हँडल जोरात फडफडतं, सेकंदाला कितीतरी वेळा. त्याला आम्ही वॉबल म्हणतो आणि त्यात कोनसेट, पुढचा टायर यांचा हात असू शकतो. दुसरीत अख्खी गाडी नागमोडी चालते, सावकाश, सेकंदाला दोन-तीन हेलकावे. ती वीव्ह. तिची सुरुवात बहुतेक मागच्या भागात होते आणि वेग वाढेल तशी ती वाढते. मागे बसलेला माणूस जवळपास मागच्या चाकाच्या डोक्यावर असतो, त्यामुळे चालवणाऱ्याआधी ती त्याला कळते. काकू अगदी नेमकं सांगत होत्या. किती वेगाला होतं, विचारलं तर काका म्हणाले, नव्वदच्या पुढे. चौपदरी हायवेवर दुचाकीला ८०ची मर्यादा आहे, हे मी त्यांना सांगितलंच. पण अशी गाडी नव्वदला लचकता कामा नये, हेही तितकंच खरं.

मग मी मागे गेलो. सीटमागची सामानाची पेटी, म्हणजे टॉप बॉक्स, भलामोठा, आणि तो बसवलेला रॅक कंपनीचा नव्हे, एका फॅब्रिकेटरकडून करून घेतलेला. बॉक्सच्या मागच्या कडेला तळहात लावून नुसता रेटला. बॉक्स दोन बोटं सरकला आणि परत आला. सीट मात्र जागची हलली नाही. बॅटरी घेऊन खाली वाकलो. डाव्या ब्रॅकेटला पाइप जिथं वेल्ड केला होता, तिथं काळ्या रंगाला केसाएवढी चीर होती आणि चिरेतून गंजाची तांबूस रेघ खाली आली होती. नखानं खरवडलं तर रंगाची खपली निघाली, खाली वेल्ड अर्ध्याच्या वर सुटलेला. पाइपचा पत्राही पातळ. आणखी काही तासांत तो बॉक्स हायवेवर पडला असता, मागून येणाऱ्या ट्रकच्या पुढ्यात. काकांना वाकून पाहायला लावलं. पाहून ते गप्प झाले.

पण फक्त वेल्ड मारून देणं मला पटेना. म्हणून शेजारच्या भुसार दुकानातून पोती मोजायचा काटा आणला. आधी बॉक्स रॅकसकट उतरवून मोजला. काकांचा अंदाज दहा किलोचा होता, निघाले बावीस. हवा भरायचा पंप, हत्यारं, पाण्याच्या बाटल्या, चिवड्या-लाडवांचे स्टीलचे डबे. मग पुढचं चाक काट्यावर, मागचं तेवढ्याच उंचीच्या फळीवर, काका-काकू वर बसलेले, दोन्ही बाजूंनी गॅरेजमधली माझी पोरं गाडी धरून. एकदा बॉक्स लावून, एकदा काढून. बॉक्स असताना पुढच्या चाकावरचं वजन साडेसहा किलोनं कमी भरत होतं.

हे होणारच होतं. या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर १५०० मिलिमीटर. बॉक्सचा मध्य मागच्या एक्सलच्या मागे ४५ सेंटिमीटर. बावीसला पंचेचाळीसनं गुणा, दीडशेनं भागा. एक्सलच्या मागे टांगलेलं ओझं तरफेसारखं पुढचं चाक उचलायला बघतं. एक्सलच्या पुढे ठेवलेलं ओझं, कितीही असो, असं करत नाही.

साडेसहा किलोचं काय एवढं, काकांचा प्रश्न रास्त होता. खरा घोळ दुसरीकडे आहे. गाडी नागमोडी जाताना आपल्या गुरुत्वमध्याभोवती डावी-उजवी फिरत असते आणि त्या फिरण्यात प्रत्येक किलोची किंमत त्याच्या अंतराच्या वर्गानं ठरते. दोन माणसं बसल्यावर गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या साधारण ६० सेंटिमीटर पुढे धरला, तर बॉक्स त्याच्यापासून १०५ सेंटिमीटरवर. तेच सामान एक्सलच्या दोन बाजूंना बॅगांत ठेवलं तर अंतर ६०. वर्ग करून पाहा: बॉक्समधला तोच किलो तिप्पट भारी पडतो. त्यातून रॅक लवचिक. गाडी डावीकडे आली की बॉक्स थोडा उशिरा येतो, गाडी परतायला लागते तेव्हा हा अजून डावीकडेच ढकलत असतो. प्रत्येक हेलकाव्याला असा उशिराचा धक्का मिळाला की हेलकावा विझायच्या ऐवजी वाढतो.

इथं मला या गाड्यांच्या घडणीबद्दल बोलायचंय. लांब पल्ल्याच्या क्रूझरचं जे रूप आपल्याला जुनं, क्लासिक वाटतं, ते प्रवासातूनच आलं. हार्ले-डेव्हिडसननं १९४९ मध्ये मोठ्या गाडीला हायड्रॉलिक फोर्क दिले, १९५८ मध्ये मागे सस्पेन्शन आलं, १९६५च्या इलेक्ट्रा ग्लाइडला बटणस्टार्ट. काच आणि बॅगा या गाड्यांच्या अंगचाच भाग होऊन गेल्या. त्या बॅगा कुठं असतात पाहा: सीटच्या खाली, चाकाला चिकटून. पुढे १९८०च्या टूर ग्लाइडमध्ये त्यांनी फोर्कच्या नळ्या चक्क स्टिअरिंगच्या खांबाच्या मागे नेल्या. गाडी सरळ धरायला लागणारा लांब ट्रेल, म्हणजे खांबाची रेघ जमिनीला जिथं लागते तिथून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर, तर मिळाला आणि खांब फार कलवायलाही लागला नाही. मला ही रचना फार आवडते.

सुपर मिटीऑर २०२३ मध्ये आपल्याकडे विकायला आली, आणि तीही याच विचारानं बांधलेली आहे. पुढचं चाक १९ इंची, मागचं १६ इंची जाड, सीट जमिनीपासून ७४० मिलिमीटर. चेसीला इंजिनखालून पाळणा, म्हणजे इंजिन खालून धरणाऱ्या नळ्या, नाही. ६४८ सीसीचं इंजिन वरच्या नळीला टांगलेलं आहे आणि ते स्वतःच चेसीचा भाग होऊन ताण घेतं. म्हणून वजन खाली आणि मध्ये राहतं. क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा दांडा, २७० अंशांचा, त्यामुळे ठोके विषम पडतात आणि व्ही-ट्विनसारखा, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनासारखा, आवाज येतो. टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, खालच्या फेऱ्यांतच मिळतो, गिअरशी झटापट करावी लागत नाही. फोर्क उलटे, शोवा कंपनीचे ४३ मिलिमीटरचे, मुद्दाम कललेले. पायपेग पुढे आहेत, म्हणजे चालवणारा वाऱ्याला छाती देऊन बसतो आणि तोल सावरायला हँडल धरून ठेवतो. काच नसेल तर छातीवरच्या वाऱ्याचा प्रत्येक झोत हातांतून स्टिअरिंगमध्ये उतरतो. टूररला काच दिली आहे ती शोभेसाठी नव्हे.

म्हणून मी काकांना म्हटलं, गाडीत खोट नाही. २४१ किलोचं वजन कुठं कुठं ठेवायचं याचा हिशेब करून कोणीतरी ती बांधली आहे. आपण मागे बावीस किलो टांगले, पातळ पाइपावर.

एक गोष्ट उरली होती, मागचे शॉकअप. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब, अजून सगळ्यात मऊ घरात होता, एकट्यानं गाडी चालवायचा. डबलसीट आणि सामान मिळून मागचा भाग तीन सेंटिमीटर जास्त बसत होता. मागे तीन सेंटिमीटर बसलं की फोर्क अंशभर मागे कलतो, पुढचं चाक आणखी हलकं लागतं. सी-पाना लावून दोन्ही शॉकअप सारख्या घरात वर आणले. एक वर, एक खाली राहिलं तर आणखी घोळ, म्हणून हे काम मी पोरांवर सोपवत नाही.

रॅक काढून टाकला. काकांना तो सोडवेना; पैसे घातले होते बिचाऱ्यांनी. हत्यारं आणि पंप टाकीवरच्या बॅगेत गेले, बाकीचं कापडी साइड बॅगांत, दोन्हीकडे सारखं मोजून, जड वस्तू तळाशी. काकूंनी लाडवांचा एक डबा आमच्या पोरांसाठी काढून ठेवला. तेवढंच ओझं कमी, म्हणाल्या.

मग हायवेवर फेरी. काका-काकू पुढे, मी माझ्या गाडीवर मागे, नजर त्यांच्या नंबरप्लेटवर. आनेवाडीच्या दिशेनं सरळ रस्ता आहे. ऐंशीपर्यंत नंबरप्लेट एका रेषेत गेली. एक लांब कंटेनर बाजूनं निघून गेला, त्याच्या वाऱ्यानं गाडी एकदा कलली आणि लगेच स्थिर झाली. मला तेच बघायचं होतं. धक्का कुठल्याही गाडीला बसतो. तो एका हेलकाव्यात विझायला हवा. परतल्यावर मी काकांना काही विचारलं नाही. काकूंना विचारलं. त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता नाही ओढत."

काका बॉक्स माझ्याकडे ठेवून निघाले. परतीच्या वाटेवर कोल्हापुरातून फोन आला, तो काकूंचा. गाडी कन्याकुमारीपर्यंत छान गेली होती, मागे थोडी कडक लागते एवढंच. आता दहा किलो गूळ घ्यायचाय, पण हे म्हणतात सीटच्या मागे बांधू. कुठं ठेवू?

म्हटलं, पाच-पाच किलो दोन्ही बॅगांत, अगदी तळाला, पुढच्या कोपऱ्यात. बॅगेत मावला नाही तर पार्सलनं पाठवा.