रोपांच्या संख्येपेक्षा सुगंध महत्त्वाचा

सुगंधी औषधी वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनाचा, म्हणजे वनस्पतीचा लहानसा तुकडा निर्जंतुक बाटलीत पोषक माध्यमावर वाढवून रोपे करण्याचा, विषय निघाला की चर्चा बहुतेकदा रोपांच्या संख्येवरच थांबते. थोड्या जागेत, वर्षभर, भरपूर रोपे मिळतात हे खरेच आहे. परंतु मला या तंत्राचे खरे मोल मातृवृक्षाचा सुगंध जसाच्या तसा पुढे नेण्यात दिसते. तुळशीची दोन रोपे दिसायला सारखी असली, तरी एकीच्या तेलात युजेनॉल जास्त, तर दुसरीच्या तेलात मिथाइल चॅव्हिकॉल (दोन्ही सुगंधी घटक) जास्त असू शकते, आणि बियांपासून रोपे केली की परपरागीभवनामुळे हे गुण विखुरतात. पेपरमिंट हा तर वांझ संकर असल्यामुळे तिथे बियांचा मार्गच बंद आहे. छाटकलमे सोपी असतात, पण मूळ झाडातील विषाणूही त्यांच्याबरोबर पुढे जातात. कोंबाच्या अगदी टोकाचा, मिलिमीटरहूनही लहान भाग वाढवून विषाणूमुक्त रोप मिळवता येते, हे मोरेल आणि मार्टिन या शास्त्रज्ञांनी 1952 मध्ये डेलियावर दाखवून दिले होते.

सुगंध जसाच्या तसा राखायचा म्हणून या वनस्पतींसाठी पेरावरील, पानाच्या बगलेतल्या डोळ्यापासून थेट फुटवे घेण्याची पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. कॅलसमधून, म्हणजे पेशींच्या आकारहीन गोळ्यातून, रोपे घडवली की पेशींत आनुवंशिक बदल होण्याचा धोका वाढतो, आणि तो बदल पानांच्या आकारात न दिसता केवळ तेलाच्या घटकांत उतरला, तर बाटलीतले रोप पाहून तो कळतही नाही.

पेर निवडल्यावर खरी परीक्षा निर्जंतुकीकरणाची असते. पुदिना, तुळस यांची पाने आणि खोड केसाळ असतात. केसांमध्ये हवा अडकून राहते आणि सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचे द्रावण पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही. द्रावणात ट्वीन या साबणासारख्या द्रवाचे एकदोन थेंब टाकले की ते नीट पसरते. नंतर पेर निर्जंतुक पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, रसायनाने पांढरी पडलेली दोन्ही टोके कापून टाकायची आणि मगच ते माध्यमात रोवायचे. एवढे करूनही काही दिवसांनी पेराच्या बुडाशी दुधाळ वलय दिसले, तर जिवाणू ऊतींच्या आतच दडलेले होते असे समजावे. वेखंडासारख्या कंदमुळांत हा त्रास अधिक होतो, कारण त्यांचा मातीशी सततचा संबंध असतो.

माध्यम बहुधा मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांचे, 1962 मध्ये तंबाखूच्या ऊतींसाठी तयार झालेले, वापरले जाते: लिटरमागे 30 ग्रॅम साखर, माध्यम जेलीसारखे घट्ट करणारे सुमारे 8 ग्रॅम अगार आणि 5.8 च्या आसपास सामू (पीएच). माध्यमात घातलेल्या दोन वाढ-संप्रेरकांपैकी सायटोकायनिनचे प्रमाण ऑक्सिनपेक्षा जास्त ठेवले की फुटवे येतात, उलट केले की मुळे. फुटव्यांच्या लोभापायी सायटोकायनिन वाढवत नेणे मात्र मला पटत नाही, कारण त्यामुळे फुटवे काचेसारखे पाणीदार व ठिसूळ होतात आणि बाटलीबाहेर टिकत नाहीत.

बाटलीबाहेर येणे हा रोपासाठी मोठा आघात असतो. दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर अगदी पातळ असतो आणि पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत, त्यामुळे रोप काही तासांत कोमेजू शकते. मुळांना चिकटलेले अगार कोमट पाण्याने पूर्ण धुवावे, कारण त्यातील साखरेवर बुरशी वाढते. पुढे आच्छादनाखालील आर्द्रता हळूहळू कमी करत न्यावी. जुनी पाने गळाली तरी घाबरण्याचे कारण नाही, नव्या हवेत फुटलेली पानेच पुढे तगतात.

सुगंधाचा निवाडा मात्र बाटलीतल्या पानावर करू नये. मातृवृक्ष आणि नवी रोपे शेजारी लावून, दोघांच्या एकाच वयाच्या पानांचे तेल काढून गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे तेलातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीने, तपासावे. पुदिन्याच्या बाबतीत वयाची ही अट विशेष काटेकोरपणे पाळावी लागते, कारण पान जून होत जाते तसे त्यातील मेंथोन या सुगंधी घटकाचे रूपांतर मेंथॉलमध्ये होत असते, आणि कोवळ्या पानाची जून पानाशी तुलना केली, तर अस्सल रोपही बदललेले भासते.