मेणाचं घर

आमच्या घरात वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला चालत जाणं म्हणजे वारीच. ८ सप्टेंबर हा येशूच्या आईचा, मरियेचा जन्मदिवस. त्याच्या पुढच्या रविवारी वांद्र्याची जत्रा लागते ती आठवडाभर. नवसाची माणसं अनवाणी निघतात. माझा नवस नव्हता, राग होता. तो घेऊनच पहाटे चारला दादरहून निघालो.

सोबत वस्तीतल्या मावशी. त्या विठ्ठलाच्या, पण मोतमाउलीला, म्हणजे माउंट मेरीच्या मरियेला, दरवर्षी येतात. शुक्रवारी आम्ही दोघं त्यांच्या झोपडीच्या सुनावणीला गेलो होतो. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या मोफत घरासाठी १ जानेवारी २०००च्या आधीचा पुरावा लागतो. मावशींकडे १९९७चं लाइट बिल आहे, नवऱ्याच्या नावाचं. नवरा वारला. साहेबांनी मृत्यूचा दाखला पाहिलाच नाही; परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र-अपात्रांच्या यादीत, त्यांच्या नावापुढे ‘अपात्र’.

हातात जपमाळ. एका माळेत ‘नमो मरिया’ ही प्रार्थना ५३ वेळा. शितळादेवीपर्यंत माझ्या ओठांवर नमो मरिया आणि डोक्यात साहेबांना सुनवायची वाक्यं, एकेक धार लावून. माहीमचं सेंट मायकल चर्च कधी मागे पडलं कळलंही नाही.

माहीम कॉजवेवर मिठी नदीचा वास नाकात शिरला. मावशी म्हणाल्या, “मघापासून पुटपुटतोस ते देवाचं की भांडणाचं?”

खोटं बोलता येईना. मग त्यांना मरियेचं गाणं सांगितलं. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात, पहिल्याच अध्यायात आहे. पोटात बाळ असताना ती डोंगराळ भागात नात्यातल्या एलिझाबेथला भेटायला गेली आणि तिथे गायली: देवाने सत्ताधाऱ्यांना आसनांवरून खाली ओढलं, दीनांना वर उचललं, भुकेल्यांना पोटभर दिलं.

“म्हणजे तीही चालतच गेली?”

“गाडी थोडीच होती, मावशी.”

“पोटुशी, आणि वर असलं गाणं!” त्या हसल्या. “मग तू कशाला तोंड पाडतोस?”

गाणं मला लहानपणापासून पाठ होतं. साहेबाला खाली ओढायचं काम माझं नाही, हे मात्र त्या घाणेरड्या वासात, भरतीच्या वाऱ्यात पहिल्यांदा ध्यानात आलं. माझं काम अपील लिहायचं. पुढची माळ हिल रोडपर्यंत एकही मणी न चुकता झाली. राग गेला नव्हता, फक्त हातातली माळ त्याच्यापेक्षा जड लागत होती.

वर, पायऱ्यांजवळच्या दुकानात मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं. मावशींनी घर मागितलं. तळहाताएवढं, कौलारू, दाराला कडीसुद्धा.

“आमचं दहा बाय बाराचं आहे,” त्या दुकानदाराला म्हणाल्या, “मोठं नाही का?”

आत जाऊन त्यांनी ते वेदीपाशी ठेवलं, पदराने पुसून, दार देवीकडे करून.

बाहेर पायरीवर बसून मी वही काढली. अपिलाचा मसुदा तीनदा फाडला होता. या वेळी पहिलं वाक्य सरळ उतरलं: अर्जदार या कै. वीजग्राहकाच्या पत्नी असून...

“बिल नीट जपून ठेवलंय ना, मावशी?”

त्यांनी कनवटीची प्लॅस्टिकची पिशवी दाखवली. मग म्हणाल्या, “आधी चणे घे. भूक लागलीय.”